जॉन कीगन यांची युद्धेतिहासाची पुस्तके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉन कीगन कोण होते?

जॉन कीगन हे ब्रिटिश युद्धेतिहासकार होते. त्यांचा जन्म १५ मे १९३४ रोजी लंडनमधील क्लॅपहॅम या भागात झाला आणि २ ऑगस्ट २०१२ रोजी विल्टशायरमधील किलमिंग्टन या गावी त्यांचे निधन झाले. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात इतिहासाचे शिक्षण घेतल्यावर काही वर्षे त्यांनी लंडनमधील अमेरिकी वकिलातीत काम केले. १९६० साली ते सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत युद्धेतिहासाचे अध्यापक झाले आणि पुढची २६ वर्षे त्यांनी भावी लष्करी अधिकाऱ्यांना शिकवले. १९८६ साली ते 'डेली टेलिग्राफ' या दैनिकात संरक्षण प्रतिनिधी म्हणून गेले, पुढे त्याच दैनिकाचे संरक्षण संपादक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९९८ साली बीबीसीची रीथ व्याख्याने त्यांनी दिली आणि २००० साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

त्यांनी स्वतः कधी युद्धात भाग घेतला होता का?

नाही, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. तेराव्या वर्षी त्यांना हाडांचा क्षयरोग झाला, शिक्षणाची काही वर्षे रुग्णालयात गेली आणि पायातले व्यंग जन्मभर राहिले. त्यामुळे सैन्यात भरती होण्याचा प्रश्नच उरला नाही. मात्र ज्या वॉर्डात ते महिनोन् महिने पडून होते, तेथे शेजारच्या खाटांवर युद्धातून परतलेली साधी, कष्टकरी माणसे होती. वडील पहिल्या महायुद्धात लढलेले होते. लहानपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या पश्चिम भागात गेले होते आणि नॉर्मंडीच्या स्वारीआधी तेथे येऊन राहिलेले अमेरिकी सैन्य त्यांनी पोरवयात डोळ्यांनी पाहिले होते.

१९७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द फेस ऑफ बॅटल' या पुस्तकाची सुरुवातच ते या कबुलीने करतात की, आपण कधी लढाईत नव्हतो, लढाईच्या जवळपासही नव्हतो. सँडहर्स्टच्या वर्गात ते ज्यांना लढाई शिकवत होते, त्यांपैकी काहींनी पुढे ती प्रत्यक्ष पाहिली आणि गुरूने मात्र पाहिली नाही. ही अवघड जागा त्यांना सतत टोचत राहिली. न पाहिलेल्या गोष्टीविषयी आपण नेमके काय सांगू शकतो आणि काय केवळ ऐकीव म्हणून पुढे ढकलतो, हे तपासण्याची सवय त्यांना तेथेच लागली असावी.

'द फेस ऑफ बॅटल' या पुस्तकात नवीन काय होते?

या पुस्तकात तीन लढाया आहेत : २५ ऑक्टोबर १४१५ची अॅजिनकोर्टची, १८ जून १८१५ची वॉटर्लूची आणि १ जुलै १९१६ रोजी सुरू झालेली सोमची. तिन्ही लढाया एकमेकींपासून फार लांब नसलेल्या भूभागात झाल्या आणि तिन्हींत इंग्रज वा ब्रिटिश सैन्य होते. यामुळे पाच शतकांत शस्त्रे बदलत गेली तेव्हा माणसावर काय गुदरले, याची तुलना करणे शक्य होते.

परंतु लढायांकडे वळण्याआधी कीगन एक लांबलचक प्रकरण खर्च करतात ते लढाया लिहिण्याच्या पद्धतीवर. घाईच्या वाचकाला ते कंटाळवाणे वाटते. माझ्या मते ते पुस्तकातील सर्वांत मोलाचे प्रकरण आहे. गॉलमधील लढाईचे ज्युलियस सीझरने केलेले वर्णन आणि १८११च्या अल्बुएराच्या लढाईचे विल्यम नेपियर यांनी केलेले वर्णन घेऊन ते दाखवतात की, अशा वर्णनांत हजारो माणसे एका देहाप्रमाणे पुढे जातात, एका मनाने डगमगतात किंवा उसळतात, मेलेले क्षणात दृष्टीआड होतात आणि विजयाचे श्रेय एखाद्या पुढाऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसते. प्रत्यक्षात दाटीतल्या मागच्या रांगेतील माणसाला पुढचे काही दिसत नाही, धुरात शेजारचा ओळखू येत नाही, आणि पळणारे बहुधा मागून पळू लागतात, पुढून नव्हे.

मग ते साधे प्रश्न विचारतात. अॅजिनकोर्टला आदल्या रात्रीच्या पावसाने नांगरलेले शेत चिखल झाले होते. दोन्ही बाजूंना रान होते. चिलखतातले फ्रेंच सरदार त्या चिंचोळ्या पट्टीतून पायी पुढे आले, तेव्हा मागच्यांच्या रेट्यात पुढच्यांना हात उगारायला तरी जागा होती का? पडलेला माणूस उठू शकत होता का? प्रेतांचे माणसाच्या उंचीएवढे ढीग लागले असे जुने वृत्तान्त सांगतात. माणसांची शरीरे तशी रचली जातात का? वॉटर्लूच्या प्रकरणात घोडा संगिनींच्या चौकोनावर (म्हणजे चारी बाजूंना संगिनी रोखून उभ्या राहिलेल्या पायदळावर) खरोखर जाऊन धडकतो का, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ते घोड्याच्या स्वभावातून देतात : घोडा भिंतीसारख्या दिसणाऱ्या अडथळ्यावर स्वतःहून आदळत नाही, तो वळतो किंवा थांबतो. त्यामुळे चौकोनातील शिपाई जागेवरून हलले नाहीत तोवर फ्रेंच घोडदळ त्यांच्याभोवती नुसते घिरट्या घालत राहिले. चौकोन मारला तो तोफखान्याने. सत्ताविसाव्या इनिस्किलिंग पलटणीतील सुमारे ७५० जणांपैकी ४५०हून अधिक जण उभ्या जागी पडले किंवा जखमी झाले, आणि तरीही चौकोन मोडला नाही.

सोमच्या प्रकरणात सारा भर एका शर्यतीवर आहे. आठवडाभर चाललेल्या भडिमारात सुमारे १५ लाख गोळे डागले गेले, तरी जर्मनांची खोल भुयारे शाबूत राहिली आणि बऱ्याच ठिकाणी काटेरी तारा तुटल्याच नाहीत. भडिमार थांबताच जर्मन शिपाई भुयाराच्या पायऱ्या चढून मशीनगन कठड्यावर ठेवतो, की त्याआधी पाठीवर २५–३० किलोंचे ओझे घेतलेला ब्रिटिश शिपाई मधली मोकळी जमीन ओलांडून तेथे पोहोचतो? पहिल्याच दिवशी ब्रिटिशांचे ५७,४७० सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले आणि त्यांपैकी १९,२४० मरण पावले. हे आकडे सर्वत्र सापडतात; ते एका जिन्याच्या पायऱ्यांवर ठरले, हे या पुस्तकात वाचावे.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटते का?

उलट, आपल्या बखरी ज्याने वाचल्या आहेत, त्याला कीगन यांची तक्रार चटकन समजेल. बखरकारही लढाई एका झपाट्यात सांगतो : दोन फौजा भिडतात, तलवारीला तलवार लागते, रक्ताचे पाट वाहतात, अमुक सरदार शर्थ करतो आणि तमुक पळ काढतो. पानिपतच्या बातमीविषयी जो सांकेतिक निरोप आपण शाळेपासून ऐकत आलो, त्यात मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या आणि रुपये व खुर्दा यांची तर गणतीच नाही असे म्हटलेले आहे. कीगन यांच्या या पुस्तकाचे वर्णन मला एका वाक्यात करायचे झाले, तर हा माणूस मोत्ये आणि मोहरा बाजूला ठेवून खुर्दा मोजायला बसला, असे मी करीन. अर्थात त्यांना ते साधले, कारण वॉटर्लूनंतर विल्यम सायबर्न यांनी शेकडो अधिकाऱ्यांकडून मागवलेली पत्रे त्यांच्यासमोर होती आणि सोमला लढलेली माणसे अजून हयात होती. पानिपतावरील पायदळाच्या शिपायाने घरी लिहिलेले पत्र आपल्याला मिळत नाही, आणि ही उणीव केवळ पद्धत उसनी घेऊन भरून निघत नाही.

सेनापतींवरचे त्यांचे पुस्तक कोणते, आणि त्यात कोणकोण आहेत?

१९८७ सालचे 'द मास्क ऑफ कमांड'. त्यात चार जण आहेत : सिकंदर, ड्यूक ऑफ वेलिंग्टन, अमेरिकी यादवी युद्धातील युलिसीस ग्रँट आणि अॅडॉल्फ हिटलर. कीगन या चौघांना अनुक्रमे वीरवृत्तीचा, वीरवृत्तीविरोधी, वीरवृत्तीविरहित आणि बनावट वीरवृत्तीचा असे म्हणतात. मराठीत ही विशेषणे जरा अवघडून बसतात, पण त्यांच्या मागचा प्रश्न अगदी सोपा आहे. सेनापती आघाडीवर असतो तो नेहमी, कधीकधी, की कधीच नाही?

सिकंदर नेहमी असे. पंजाबात मल्लांच्या गढीवर तो तटावरून आत उडी घेतो आणि छातीत बाण घेऊन मरणाच्या दारातून परत येतो. अंगावरच्या जखमा हेच त्याचे आज्ञापत्र असते. ग्रँटच्या काळात बंदुकीचा पल्ला वाढला होता आणि तारायंत्र आले होते. त्यामुळे तो गोळीच्या माऱ्याबाहेर बसून स्पष्ट, साध्या वाक्यांत हुकूम लिहितो, आणि कीगन यांना त्याच्या या गद्याचेही मोठे अप्रूप आहे. सेनापती शिपायांशी नाते कसे जोडतो, त्यांच्याशी काय आणि कसे बोलतो, बक्षीस आणि शिक्षा कशी देतो, कृती कधी करतो आणि स्वतःचे उदाहरण कसे घालून देतो, अशा पाच अंगांनी ते शेवटी या चौघांकडे पाहतात. पुस्तकाच्या नावातील मुखवटा तो हाच. शिपायांना जसा सेनापती हवा असतो, तसे त्याला दिसावे लागते.

यात महाराष्ट्राचा संबंध कुठे येतो?

वेलिंग्टनच्या निमित्ताने येतो, आणि तो थेट आहे. वेलिंग्टन घडला तो हिंदुस्थानात. आर्थर वेलस्ली या नावाने त्याने ऑगस्ट १८०३मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला असईची लढाई जिंकली, नोव्हेंबरअखेरीस अडगाव आणि डिसेंबरात गाविलगड. असई हे गाव आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ आहे. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्र फौजेत दहा हजारांहून अधिक कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि प्रचंड घोडदळ होते. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढाईत उतरवण्याजोगे कवायती सैन्य साडेचार हजारांच्या आसपास होते.

नदीला तेथे उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीला दुर्बिणीतून समोरासमोरच्या काठांवर वसलेली दोन गावे दिसली आणि दोन गावे अशी वसली आहेत त्या अर्थी माणसे नदी ओलांडत असणारच, असे अनुमान त्याने बांधले. ते खरे निघाले आणि फौज पिंपळगावच्या उताराने पलीकडे गेली. त्या दिवशी त्याची दोन घोडी कामास आली आणि दीड हजारांहून अधिक माणसे मृत किंवा जखमी झाली, म्हणजे त्याच्या लढत्या सैन्यापैकी जवळपास तिसरा हिस्सा. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. उतारवयात वेलिंग्टनला त्याच्या लढायांतील उत्तम कामगिरी कोणती असे विचारले गेले, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नव्हे तर असईचे नाव घेतले.

कीगन यांची एक मर्यादाही येथे उघडी पडते. असईच्या मैदानावर ते वेलस्लीच्या खोगिरातून पाहतात. समोरचा कवायती मराठी फौजेचा शिपाई, जो अॅजिनकोर्टच्या तिरंदाजाइतकाच 'द फेस ऑफ बॅटल'चा नायक होऊ शकला असता, तो येथे पार्श्वभूमीलाच राहतो.

हिटलरला सेनापतींच्या पंगतीत बसवण्याचे कारण काय?

तो पहिल्या महायुद्धात आघाडीवर निरोप्याचे काम करत होता आणि १९१८ साली त्याला प्रथम श्रेणीचा आयर्न क्रॉस मिळाला होता. त्या खऱ्या अनुभवाच्या भांडवलावर तो पुढे आपल्या सेनापतींना गप्प करत असे, आणि स्वतः मात्र रास्टेनबुर्गच्या रानातील मुख्यालयात, आघाडीपासून शेकडो किलोमीटर दूर, नकाशावर पलटणी हलवत असे. ज्या धोक्यात तो इतरांना अखेरपर्यंत उभे राहायला सांगत होता, त्या धोक्याच्या जवळ तो स्वतः गेला नाही. कीगन बनावट म्हणतात ते या अर्थाने. पुस्तकाच्या शेवटी ते अण्वस्त्रांच्या युगाकडे वळतात आणि १९६२च्या क्यूबा पेचप्रसंगात केनेडी यांनी दाखवलेला संयम हा नव्या काळातील नेतृत्वाचा नमुना मानतात.

आरमारी युद्धावर त्यांनी काय लिहिले आहे?

१९८८ सालच्या 'द प्राइस ऑफ अॅडमिरल्टी' या पुस्तकात त्यांनी ट्रफाल्गर (१८०५), जटलंड (१९१६), मिडवे (१९४२) आणि दुसऱ्या महायुद्धातील अटलांटिकची लढाई असे चार टप्पे घेतले आहेत. लाकडी शिडाचे जहाज, पोलादी युद्धनौका, विमानवाहू नौका आणि पाणबुडी अशी ही चार शस्त्रांची कथा आहे. जमिनीवरच्या लढाईला लावलेली कसोटी ते समुद्रालाही लावतात. जहाजातला माणूस कुठे उभा आहे आणि त्याला तेथून काय दिसते?

ट्रफाल्गरला नेल्सनकडे २७ मोठी जहाजे होती, फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३. एकट्या 'व्हिक्टरी'वर शंभराहून अधिक तोफा आणि आठशेहून अधिक माणसे होती. नेल्सनच्या २७ जहाजांवर मिळून दोन हजारांहून अधिक तोफा होत्या, तर दहा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनजवळ अडीचशेच्या आसपास. म्हणजे पुऱ्या फौजेला जो तोफखाना शेकडो घोडे जोडून ओढावा लागे, त्याच्या कितीतरी पट तोफखाना वारा फुकट वाहून नेत होता. नेल्सनने दोन रांगा करून शत्रूच्या रांगेत काटकोनात घुसण्याचे ठरवले. याचा अर्थ असा की पुढच्या जहाजांना बराच वेळ मार खात जावे लागणार होते आणि स्वतःच्या बाजूच्या तोफा वापरता येणार नव्हत्या. हा जुगार समोरच्या गोलंदाजीच्या दर्जाविषयीच्या खात्रीवर बेतलेला होता. एकही ब्रिटिश जहाज गमावले गेले नाही, नेल्सन गेला.

जटलंडचे प्रकरण मला पुस्तकातील सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. अडीचशे जहाजे धुरात आणि धुक्यात एकमेकांना शोधत होती, झेंड्यांचे संकेत दिसत नव्हते, आणि बिनतारी संदेशाची सोय असूनही कित्येक कप्तानांनी आपण काय पाहिले ते सरसेनापती जेलिको यांना कळवलेच नाही. तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठ्या, वेगवान युद्धनौका) दारूकोठारापर्यंत ज्वाळा पोहोचून अक्षरशः फुटल्या. 'इन्व्हिन्सिबल'वरील हजाराहून अधिक माणसांपैकी सहा वाचली. गोळीबाराचा वेग वाढावा म्हणून दारूच्या पिशव्या उघड्यावर रचल्या जात आणि आडदारे उघडी ठेवली जात, ही सवय चिलखताच्या जाडीपेक्षा महाग पडली. ब्रिटिशांचे ६,०९४ आणि जर्मनांचे २,५५१ जण मेले, तरी सकाळी समुद्रावर ब्रिटिश आरमार होते आणि जर्मन आरमार बंदरात परतले होते. जिंकले कोण, याचा वाद अजूनही चालतो.

मिडवेचे त्यांचे वर्णन आजही विश्वासार्ह आहे का?

मुख्य रूपरेषेत आहे. पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या सहा जपानी विमानवाहू नौकांपैकी 'अकागी', 'कागा', 'सोऱ्यू' आणि 'हिर्यू' या चार तेथे बुडाल्या, आणि त्यांपैकी तिघींवर ४ जूनच्या सकाळी अवघ्या काही मिनिटांत प्राणघातक घाव बसले. परंतु त्या काळी इंग्रजीतील जवळजवळ सर्वच लेखक मित्सुओ फुचिदा या जपानी वैमानिकाच्या, १९५५ साली इंग्रजीत आलेल्या, वृत्तान्तावर विसंबून होते. जपानी विमाने उड्डाणाच्या तयारीत डेकवर उभी होती आणि आणखी पाच मिनिटे मिळाली असती तर चित्र पालटले असते, ही नाट्यमय गोष्ट तेथून आली. जपानी नौकांच्या उड्डाण-नोंदी तपासून २००५ साली अमेरिकी अभ्यासकांनी दाखवून दिले की, त्या वेळी हल्ल्याची बहुतेक विमाने अजून खालच्या हँगरमध्येच होती. कीगन यांचे प्रकरण ही दुरुस्ती ध्यानात ठेवून वाचावे.

पाणबुडीविषयीचे त्यांचे भाकीत खरे ठरले का?

पुस्तकाचा शेवट रिकाम्या समुद्राच्या चित्राने होतो. पृष्ठभागावरील मोठ्या नौकांचे दिवस भरले आहेत आणि यापुढे समुद्रावर सत्ता राहील ती न दिसणाऱ्या पाणबुडीची, असे त्यांचे म्हणणे आहे. १९८२च्या फॉकलंड युद्धात 'काँकरर' या एका पाणबुडीने 'जनरल बेलग्रानो' ही क्रूझर बुडवली, तिच्यावरील ३२३ जण मेले आणि अर्जेंटिनाचे आरमार पुन्हा खोल समुद्रात आले नाही, हा त्या विचारामागचा ताजा पुरावा होता. आपल्याकडे याहून जवळचे उदाहरण आहे. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'हँगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' बुडवली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले.

तरीही जगातील मोठ्या आरमारांनी विमानवाहू नौका सोडलेल्या नाहीत. भारताने तर 'विक्रांत' नव्याने बांधून २०२२ साली सेवेत घेतली. पाणबुडी समुद्र नाकारू शकते, पण त्यावर उपस्थिती दाखवू शकत नाही, आणि शांततेच्या काळात आरमाराचे निम्मे काम उपस्थितीचेच असते. भाकितापेक्षा कीगन यांचे वर्णन भक्कम, असा माझा अनुभव येथेही आला.

या पुस्तकात मराठ्यांच्या आरमाराचा उल्लेख आहे का?

शिवकालीन आरमार किंवा कान्होजी आंग्रे हा या पुस्तकाचा विषय नाही. त्यांच्या चारही लढाया अटलांटिक, उत्तर समुद्र आणि प्रशांत महासागर येथील आहेत, आणि किनाऱ्यालगत गलबते व गुराबा घेऊन, जलदुर्गांच्या आधाराने लढले जाणारे युद्ध त्यांच्या चौकटीत बसतही नाही.

क्लाउझेवित्झ यांच्याशी त्यांचा वाद काय आहे?

१९९३ सालच्या 'अ हिस्टरी ऑफ वॉरफेअर' या पुस्तकाचे पहिलेच वाक्य, युद्ध म्हणजे अन्य साधनांनी पुढे चालवलेले राजकारण नव्हे, अशा अर्थाचे आहे. प्रशियन सेनाधिकारी कार्ल फॉन क्लाउझेवित्झ यांच्या मृत्यूनंतर १८३२पासून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील सुप्रसिद्ध सिद्धान्ताला हे सरळ आव्हान होते. कीगन यांचे म्हणणे असे की, राज्यसंस्था, मुत्सद्देगिरी आणि राजकीय हिशेब यांच्या कितीतरी हजार वर्षे आधीपासून माणसे लढत आली आहेत. ती का आणि कशी लढतात हे त्यांची संस्कृती ठरवते. यासाठी ते ईस्टर बेट, झुलू, मामलूक आणि सामुराई यांची उदाहरणे घेतात. इजिप्तच्या मामलूकांनी घोड्यावरून तलवार आणि धनुष्य चालवण्याच्या आपल्या मोठेपणापायी बंदुकीला कमी लेखले आणि १५१६–१७ साली ते ऑटोमन तुर्कांकडून संपवले गेले. स्वतःचा नाश समोर दिसत असताना रीत न सोडणे हे राजकारण कसे म्हणावे, असा त्यांचा सवाल आहे. पुस्तकाचे मुख्य भाग दगड, मांस, लोखंड आणि अग्नी या नावांचे असून मधेमधे तटबंदी, फौजांची रचना आणि रसद यांवर छोटी प्रकरणे आहेत. या पुस्तकाला डफ कूपर पारितोषिक मिळाले.

विद्वानांची प्रतिक्रिया मात्र कडक होती. क्रिस्टोफर बॅसफर्ड यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले की, जर्मन भाषेतील एकाच शब्दात धोरण आणि राजकारण असे दोन्ही अर्थ येतात. शिवाय क्लाउझेवित्झ यांनी युद्धात लोकांचा प्रक्षोभ, दैव आणि बुद्धी अशा तिन्ही शक्ती मानल्या होत्या. कीगन ज्याच्याशी भांडतात तो क्लाउझेवित्झ बराचसा त्यांनीच उभा केलेला आहे. ही टीका मला रास्त वाटते. सत्तासंघर्षाला केवळ दरबारी हिशेब समजले, तर कीगन बरोबर ठरतात. पण भाऊबंदकी, मानापमान, चौथाईचा हक्क आणि धर्म ही सारी राजकारणाचीच अंगे आहेत, हे मराठेशाहीचा इतिहास वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. असे असूनही घोडा, रथ आणि गवताळ प्रदेशातील भटक्या टोळ्या यांवरची या पुस्तकातील पाने पुन्हा पुन्हा वाचण्यासारखी आहेत.

दोन्ही महायुद्धांवरची त्यांची पुस्तके कशी आहेत?

'द सेकंड वर्ल्ड वॉर' १९८९ साली आणि 'द फर्स्ट वर्ल्ड वॉर' १९९८ साली आले. त्यांपैकी पहिल्या महायुद्धावरचे उजवे आहे. ते युद्ध दुःखद आणि अनावश्यक होते असे ते सुरुवातीलाच म्हणतात, पण सेनापतींना सरसकट मूर्ख ठरवत नाहीत : हल्ला सुरू झाला की टेलिफोनच्या तारा तुटत, बरोबर नेता येईल असे बिनतारी यंत्र नव्हते, आणि हुकूम पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असे. 'सिक्स आर्मीज इन नॉर्मंडी' (१९८२) हे सहा देशांच्या सैन्यांचे पुस्तक या दोहोंपेक्षा अधिक जिवंत आहे.

गुप्तवार्तेवर त्यांचे मत काय होते?

२००३ सालच्या 'इंटेलिजन्स इन वॉर'मध्ये ते म्हणतात की, माहिती लागतेच, पण माहितीने युद्ध जिंकले जात नाही. ते बळाने जिंकले जाते. १७९८ साली नेल्सन भूमध्य समुद्रात नेपोलियनला शोधत आठवडेच्या आठवडे हिंडला, जूनमधल्या एका रात्री दोन्ही आरमारे एकमेकांच्या अगदी जवळून गेली, आणि अखेर १ ऑगस्टला अबुकीरच्या उपसागरात गाठ पडली. टेहळणीच्या चपळ फ्रिगेटी जवळ नसणे ही त्याची खरी अडचण होती. १९४१ साली क्रीट बेटावर उलटे झाले : जर्मन छत्रीधारी उतरणार हे बचाव करणाऱ्यांना आधी कळले होते, तरी बेट पडले.

समकालीन युद्धांविषयी त्यांचे अंदाज चुकले का?

काही चुकले, आणि एकदा त्यांनी ते उघडपणे मान्य केले. १९९९च्या कोसोव्हो युद्धात केवळ विमानांच्या बळावर विजय मिळणार नाही असे त्यांचे मत होते. ७८ दिवसांच्या हवाई हल्ल्यांनंतर सर्बियाचे नेते मिलोसेविच नमले, तेव्हा त्यांनी आपली चूक वृत्तपत्रातच कबूल केली. इराक युद्धाचे त्यांनी समर्थन केले आणि २००४ साली त्यावर पुस्तकही लिहिले. बगदाद पडल्यावरची धूळ खाली बसण्याआधीच ते लिहिले गेले, आणि आज ते फारसे उपयोगी राहिलेले नाही.

शेवटच्या पुस्तकावर टीका का झाली?

अमेरिकी यादवी युद्धावरील २००९ सालच्या पुस्तकात तपशिलाच्या चुका राहिल्या आणि त्या जेम्स मॅकफर्सन यांच्यासारख्या त्या विषयातील अधिकारी इतिहासकाराने दाखवून दिल्या. वाईट याचे वाटते की, त्यांतल्या कित्येक चुका भूगोलाच्या होत्या. नदी कुठे, टेकडी कुठे, माणूस कुठे उभा, हेच तर या लेखकाचे बलस्थान होते.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

'द फेस ऑफ बॅटल'पासून, आणि वेळ नसेल तर त्यातील वॉटर्लूपासून. त्यानंतर 'द मास्क ऑफ कमांड'मधील वेलिंग्टन व ग्रँट, मग आरमारी पुस्तकातील जटलंड. 'अ हिस्टरी ऑफ वॉरफेअर' त्याच्या टीकाकारांना शेजारी ठेवून वाचावे. यादवी युद्धावरचे पुस्तक आणि इराकवरचे पुस्तक राहिले तरी चालेल. असईची हकिकत वाचताना मात्र भोकरदन परिसराचा मोठा नकाशा समोर पसरावा आणि केळणा व जुई या दोन नद्यांमधली जागा बोटाने मोजून पाहावी.